अंगठ्याने ओळखलेला तांब्या

"एका तांब्यासाठी चिपळूणहून नाशिक?" आमच्या ह्यांनी विचारले. मी पिशवीची चेन ओढत म्हटले, "हो." सगळी नोकरी प्राथमिक शाळेत मुलांना रांगेत उभे करण्यात गेली. निवृत्तीनंतर बाईने एवढी हौस करू नये की काय? मला हाताने ठोकलेला तांब्या हवा होता आणि तो बनवणाऱ्याला बघायचेही होते.

कसारा घाट चढून एसटी वर आली आणि खिडकीतून कोरडी, गार हवा आत शिरली. कोकणातला घाम तिथेच उतरला. नाशिकला पोचताच पहिले काम मिसळीचे. इथे मिसळीबरोबर पापड, दही आणि वर जिलेबीही देतात. मी रश्शाची वाटी दुसऱ्यांदा मागितली आणि मग डोळे पुसत जिलेबी खाल्ली. वाढणारा हसला तर हसला.

रिक्षावाला जवळच्या सायखेडा गावचा होता. पत्ता सांगताच म्हणाला, "तांब्याचं क्लस्टर ना, मावशी? लय आवाज हाय तिथं. मी रिक्षा लांबच उभी करतो." क्लस्टर (एकाच धंद्यातल्या छोट्या कारागिरांचा समूह) हा शब्द तो असा सहज बोलला, जणू भाजीचे नाव.

शहराबाहेरच्या औद्योगिक वसाहतीत पत्र्याची मोठी शेड होती. संस्थेचे अध्यक्ष नाना, जाड भिंगांचा चष्मा लावलेले सत्तरीचे तांबट, मला सगळे दाखवत फिरले.

"पूर्वी ज्यानं त्यानं आपल्या घरी पत्रा कापायचा, ठोकायचं आणि चिंच लावून हात दुखेस्तोवर घासायचं," ते ओरडूनच सांगत होते. "आता पैशात मोठा वाटा सरकारचा, थोडा आम्हा सगळ्यांचा. यंत्रं सामायिक. पत्रा कापायचं, आकार द्यायचं, पॉलिशचं. पण मठार ज्याचं त्यानं घरी करायचं."

मठार म्हणजे भांड्यावर हातोडीचे सारखे ठोके देणे. त्याने धातू घट्ट होतो आणि चकाकणारी ती बारीक नक्षी उमटते.

पॉलिशच्या यंत्राशी आपली भांडी घेऊन आलेली एकच बाई होती. शोभाताई. हात काळे, कपाळावर तांब्याची धूळ, बोलणे भराभर. चहा घेताना म्हणाल्या, "आज दुपारी बैठक आहे, ताई. माझ्याचबद्दल."

त्यांचे पती दत्तू वर्षापूर्वी गेले. समूहातले नाव त्यांचे होते. नियम असा की सभासद स्वतः काम करणारा कारागीर हवा. शोभाताईंनी नाव आपल्यावर करून मागितले, तर काही सभासदांनी शंका काढली. बाई मठार करते हे कुणी पाहिले नव्हते. त्यांना वाटत होते, ही बाहेरून माल करून आणते.

"नाव कापलं तर यंत्र बंद," त्या म्हणाल्या. "मग परत चिंच आणि हात. एकटीनं किती घासणार? धंदाच बंद करावा लागेल."

"पण मठार खरंच तुम्ही करता?"

"लग्न झाल्यापासून. ह्यांच्या खांद्याला त्रास होता. हे जोडकाम करायचे, बाजार बघायचे. मी आतल्या खोलीत ठोकायची. भांड्यावर कुठं नाव लिहिलेलं असतं?"

मला त्या बाईचा अभिमानही वाटला आणि रागही आला. सांगायचे ना इतकी वर्षे!

शोभाताई यंत्राकडे गेल्या आणि मी फोटो काढायला सरसावले. लांब टेबलावर पॉलिश झालेले तांबे मांडले होते. पण मांडणी कसली, उंच, बुटका, पुन्हा उंच! माझ्यातली शाळेची बाई जागी झाली. प्रार्थनेला मुले उभी करतात तसे सगळे तांबे मी उंचीप्रमाणे एका ओळीत लावले. मध्ये मध्ये कागदाचे चिटोरे होते, ते गोळा करून नीट एका बाजूला ठेवले. फोटो सुरेख आला.

"अगं आई गं," मागून कुणीतरी म्हणाले.

ते चिटोरे म्हणजे चिठ्ठ्या. कुठले तांबे कुणाचे, हे त्यांवर लिहिलेले. सगळ्यांची भांडी मी एकमेकांत मिसळून टाकली होती! मला रडू फुटायचेच बाकी होते.

नाना मात्र हसले. "अहो बाई, घाबरता काय? चिठ्ठी पॉलिशवाल्यासाठी. आम्हाला कशाला लागते?" बैठकीला आलेले तांबट टेबलाभोवती जमले. नानांनी चष्मा काढून खिशात ठेवला. एकेक तांब्या उचलायचा, पोटावरून अंगठा फिरवायचा आणि पुढे सरकवायचा.

"हा वामनचा, ठोका खोल. हा माझा. हा किसनचा, घाईत केलाय लेकानं."

किसन कान खाजवत तांब्या घेऊन गेला. सगळे हसत होते.

नानांनी पुढचा तांब्या उचलला. अंगठा सावकाश फिरला, पुन्हा फिरला. चेहरा खुलला.

"हा दत्तूचा हात. एक ठोका इकडचा तिकडे नाही."

वामन हळू आवाजात म्हणाला, "नाना, हा माल याच महिन्याचा आहे."

नानांचा अंगठा तांब्यावर तसाच राहिला. त्यांनी चष्मा लावला आणि यंत्राशी उभ्या शोभाताईंकडे बघितले.

"इतकी वर्षं मी सगळ्यांना सांगत आलो, काम शिकायचं तर दत्तूचं बघा." त्यांनी तांब्या उचलून धरला. "ते तुझं काम होतं?"

शोभाताईंनी मान डोलावली आणि पदराने तोंड झाकले.

"वामन, वही आण," नाना म्हणाले. "शोभाचं नाव लिही. पुढं लिही, कारागीर."

मग भाकरी, वांग्याचे भरीत आणि ठेचा असे सगळ्यांचे एकत्र जेवण झाले. मला वाढताना किसन म्हणाला, "बाई, पुन्हा या. पण टेबलाला हात लावू नका."

नानांनी अंगठ्याने ओळखलेला तोच तांब्या मी शोभाताईंकडून विकत घेतला. त्यांनी तो वर्तमानपत्रात गुंडाळून दिला.

घरी आल्यावर ह्यांनी तो हातात घेतला, उलटसुलट बघितला आणि विचारले, "यात एवढं काय आहे?" मी त्यांचा अंगठा धरून तांब्याच्या पोटावरून फिरवला. गोष्ट सांगितली. ते कितीतरी वेळ अंगठा फिरवत बसले.

पाणी भरायला गेले तर आत कागद. मी बाजूला काढून ठेवलेल्यांपैकीच एक चिठ्ठी. 'दत्तू' ही अक्षरे तशीच होती. त्यांच्या शेजारी, नव्या पेनाने, ठसठशीत लिहिले होते: 'आणि शोभा'.