ठसका

बेंगळुरूत मल्लेश्वरमच्या त्या गल्लीत पोर किरकिरलं, की आधी कृष्णाक्काच्या मांडीवर येतं. अक्का म्हणजे कृष्णाबाई. घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच, त्यामुळे मराठीला कन्नडची फोडणी. दृष्ट काढावी तर तिनेच! मीठ-मोहरी, सुक्या मिरच्या ओवाळून निखाऱ्यावर टाकायच्या. मिरच्या जळल्या आणि कुणाला ठसका लागला नाही, तर दृष्ट होती, ती उतरली. ठसका लागला, तर अक्का स्वतःच सांगते, "सरी, बरं तर, ही दृष्ट नव्हे. डॉक्टर गाठा." खोटं बोलायची नाही बाई.

तिचा एकुलता एक अपूर्व इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरीला. अंगकाठी शेवग्याच्या शेंगेची. चारचौघांत तीच म्हणायची, "मेला गिळतो पोतंभर, अंगाला तसूभर लागत नाही." तो हसायचा आणि मोबाइलमध्ये डोकं घालायचा. तिथे सगळी उघडीबंब पोरं, एकेकाचा दंड म्हणजे फणस. "अम्मा, असं व्हायचंय मला," तो एकदा म्हणाला, तेव्हा तिला कौतुकच वाटलं. निदान खाण्यापिण्याकडे तरी लक्ष जाईल!

मग तो व्यायामशाळेत जाऊ लागला. फ्रिजच्या दारात काचेच्या बुटक्या बाटल्या आल्या. "व्हिटॅमिन आहे," तो म्हणाला. तिथला त्रिविक्रम सर देतो म्हणे. कृष्णाबाईंनी त्या कोथिंबिरीमागे जपून ठेवल्या. विसरभोळा पोरगा, म्हणून आठवणही करून द्यायच्या, "औषध घेतलंस का रे?"

आणि काय सांगावं, पोराने अंग धरलं! तो उघड्या अंगाचे व्हिडिओ मोबाइलवर टाकायचा, हजारो लोक बघायचे. बाईंना अभिमान वाटे आणि धास्तीही. इतके डोळे एका पोरावर! पाठीवर फोड उठले, चेहरा लालबुंद राहू लागला, साध्या बोलण्यावर तो ताट भिरकावू लागला. जिना चढून आला की धापा टाकायचा. दृष्ट, दुसरं काय? पण दृष्ट काढू म्हटलं की खेकसायचा, "मी काय तान्हं बाळ आहे?"

नरकचतुर्दशीला मात्र तो मुकाट पाटावर बसला. उभं राहायचा कंटाळा आला होता म्हणाला. हंड्याखाली करवंट्या फुलल्या होत्या. बाई तेल चोळू लागल्या. दंडावर, कमरेखाली बारीक काळेनिळे ठिपके, सुई टोचल्यासारखे. "डास चावलेत," तो म्हणाला. त्या नडगीवर आल्या, अंगठा दाबून तेल जिरवलं आणि हात उचलला. अंगठ्याचा खळगा तसाच राहिला. त्यांनी पुन्हा दाबलं. दुसरा खळगा पडला, तोही भरेना.

"अगोबाई," एवढंच त्या म्हणाल्या. घाईघाईने मीठ-मिरच्या आणल्या. या खेपेला अपूर्व खेकसला नाही, आणि तेच त्यांना जास्त लागलं. "आल्यागेल्याची, घरच्या-दारच्याची, मोबाइलवाल्यांची..." पुटपुटत त्यांनी ओवाळलं आणि मूठ निखाऱ्यावर झोकली. आयुष्यात पहिल्यांदाच त्या देवाची मनापासून विनवणी करत होत्या, दृष्टच असू दे. दृष्ट असेल तर माझ्या हातची आहे रे देवा.

मिरच्या तडतडल्या, धूर दाटला. आधी अपूर्व खोकला, मग बाई. मग ओसरीवरून अपूर्वचे वडील, हणमंतराव, खोकत खोकत आत आले, डोळे पुसत.

"चला, दृष्ट नाही," ते हसून म्हणाले. "उगाच घाबरवलंस सगळ्यांना."

बाईंनी फ्रिजकडे पाहिलं. औषध घेतलंस का रे, औषध घेतलंस का रे. स्वतःचाच आवाज त्यांच्या कानात घुमू लागला.

"अहो, ऑटो बघा."

"आत्ता? सणाच्या दिवशी? अगं, दृष्ट नाही म्हणून तूच..."

"दृष्ट नाही म्हणूनच," त्या ओरडल्या. बाटल्या त्यांनी पदरात बांधल्या, डॉक्टरला दाखवायला. हणमंतराव चपला घेऊन आले, वाकून लेकाच्या पायात सरकवू लागले. पाय काही शिरेनात.