अमावास्येची ताई

दुकानात शिरली की ती आधी कॉम्प्युटरवर टॉवेल टाकायची. स्वतःचा, निळ्या काठाचा, घरून आणलेला. मग मालकाला म्हणायची, "हा गेला असं समजा. आता सांगा, काय परत पाहिजे?" हे महिन्यातून एकदा, आणि तेही नेमकं अमावास्येला. शहाद्याच्या बाजारात जुना माणूस अमावास्येला नवी खुर्ची घरात आणत नाही, आणि ही धडधाकट मशीनला मेलेलं ठरवत दुकानोदुकानी फिरायची. लोकांनी तिला हाकलून द्यायला हवं होतं. त्यांनी चहा पाजला आणि 'अमावास्येची ताई' असं नाव दिलं. माझ्या पोटात दुखायला लागलं ते तिथपासून.

मी त्या बाजारात बावीस वर्षं कॉम्प्युटर दुरुस्त करणारा. मला सगळे 'डॉक्टर' म्हणायचे, आणि मला ते आवडायचं. ती धडगावकडच्या पावरा आदिवासी घरातली, नाशिकला शिकून आलेली, वयाने माझ्या निम्मी. तिचं काम सांगायला सोपं होतं. दुकानाच्या कॉम्प्युटरमध्ये जे साठतं, म्हणजे स्टुडिओचे फोटो, लॅबचे रिपोर्ट, छापखान्याची डिझाइनं, त्याची एक प्रत रोज नेटवरून नाशिकच्या एका केंद्रात पाठवायची. इथलं बुडालं तर तिथून परत आणायचं. त्याला ती बॅकप म्हणायची. बॅकप मीही देत होतो. मी गिऱ्हाइकाला एक जादा डिस्क भरून द्यायचो आणि सांगायचो, ही घरी कपाटात ठेवा. एवढ्यावर बावीस वर्षं निघाली होती.

अमावास्याच का, असं मी तिला एकदा खोचकपणे विचारलं. ती म्हणाली, "त्या दिवशी हमाल सुट्टीवर, बैल सुट्टीवर. मालकाला वेळ असतो. आणि दादा, तारीख माणूस विसरतो, अमावास्या विसरत नाही." उत्तर बरोबर होतं, म्हणून राग जास्त आला. माझ्या डिस्कमधून वेळेला काही बाहेर निघतं का, हे मी कधी कोणाला काढून दाखवलं नव्हतं. दाखवायचं असतं हेच मला सुचलं नव्हतं.

लोकांना सुरुवातीला तिचं पटत नव्हतं. "आपला माल परगावी कसाले?" असं छापखानेवाला तोंडावर म्हणाला. त्यानं माझी डिस्क सारंगखेड्याला सासरवाडीत ठेवली होती, आणि त्याचा छापखाना प्रकाशा गावात, तापीच्या घाटाजवळ. ती शांतपणे म्हणाली, "एकाच नदीचं पाणी पिणाऱ्या दोन गावांत एकच माल ठेवू नये, काका. तापी आली तर दोन्हीकडे येते." मग तिने आपल्या आईची गोष्ट सांगितली. त्यांच्या पाड्यावर मक्याचं बियाणं कधी एका घरात ठेवत नाहीत. निम्मं मामाच्या घरी, पलीकडच्या डोंगरावर. एका डोंगराला वणवा लागला तरी पेरायला बी राहतं. छापखानेवाला त्याच आठवड्यात तिच्याकडे गेला. मी बीएस्सी आहे. तिच्या आईने मक्यावरून जे ओळखलं ते मला पुस्तकातून कळलं नाही, हे कबूल करायला मला आजही जड जातं.

एकेक करून सगळे गेले. लॅब गेली, खताचं दुकान गेलं. उरले फक्त फोटो स्टुडिओवाले नानाभाऊ, माझं पहिलं गिऱ्हाईक. लग्नं तर ते काढायचेच, पण डोंगरातली माणसंही जीप भरून त्यांच्याकडे यायची. घरात कोणी गेलं की जुन्या लग्नाच्या घोळक्यातून त्या माणसाचा चेहरा शोधून मोठा करून द्यायचं काम नाना करत. पुष्कळ घरांत त्या माणसाचा तेवढाच फोटो असायचा. नाना माझ्याकडे आहेत तोवर मी डॉक्टर आहे, असं मी मनाशी धरून बसलो होतो.

ताईची खोड काढायची एक युक्ती मला सापडली होती. खंडेनवमी जवळ आली होती. त्या दिवशी आमच्या बाजारात प्रत्येक जण आपल्या हत्यारांची पूजा करतो. कैची, तराजू, कॅमेरा, कॉम्प्युटर, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडूची माळ. मी चहाच्या टपरीवर म्हणत सुटलो, "मन्ही डिस्क दिखस तरी. ताईना बॅकपले हळदकुकू कोठे लावशी?" लोक हसायचे. ती पण हसली होती. नवमीच्या सकाळी नानांचा फोन आला. "डॉक्टर, घरवाली डिस्क बी पूजामा मांडू का? ती बी लक्षुमीच शे ना. तिले एकलीले घर कशी ठेवू?"

मला आनंद झाला. माझ्या डिस्कला मान मिळत होता. मी म्हणालो, "मांडा ना, नाना."

पूजा करून, दिवा तेवत ठेवून, अर्धं शटर ओढून नाना दुपारी जेवायला घरी गेले. निरांजन माळेवर कलंडलं असावं. माळेवरून आग मागच्या पडद्याला लागली. माणसाला इजा झाली नाही, पण टेबलावरचं काही वाचलं नाही. कॅमेरे, कॉम्प्युटर, आतली डिस्क आणि बाहेरची डिस्क, सगळं शेजारी शेजारी ओळीने जळलं होतं. वर्षभर वेगळ्या ठेवलेल्या दोन प्रती त्या एकाच दुपारी माझ्या सांगण्यावरून एकत्र आल्या होत्या. अक्कलकुव्याच्या एका लग्नाचा अल्बम द्यायचा राहिला होता, आणि त्या नवरीचे वडील लग्नानंतर महिन्यात वारले होते. नाना पायरीवर बसून तेवढंच बोलत होते. मी त्यांच्यासमोर उभा होतो आणि मला पळून जावंसं वाटत होतं.

ताई आली. शेजारच्या कापडदुकानाच्या ओट्यावर बसून तिने लॅपटॉप उघडला. थोड्या वेळाने पडद्यावर नवरी दिसली, मांडव दिसला, आणि फेटा बांधलेले वडील दिसले. मी नानांकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली.

"तुले वाईट वाटी म्हनीसन सांगं नही," ते म्हणाले. "वरीस व्हयनं."

एक वर्ष नानांचे फोटोही रोज नाशिकला जात होते. मी जेवायला घरी गेलो की ती नानांकडे यायची, हे सगळ्या बाजाराला ठाऊक होतं. त्या क्षणी मला काय वाटायला हवं होतं हे मला कळतं. फोटो वाचले याचा आनंद व्हायला हवा होता. मला झाला तो जळफळाट. ते फोटो कायमचे गेले असते तर बरं, असंही मनात येऊन गेलं. हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही.

चार दिवसांनी सगळे फोटो एका नव्या डिस्कमध्ये भरून ती माझ्या दुकानात आली. "दादा, तुम्ही नेऊन द्या. तुमचं गिऱ्हाईक आहे." मी नेऊन दिली. नानांच्या डोंगरातल्या गिऱ्हाइकांत बोलवा झाली की डॉक्टरने नानाचे फोटो वाचवले. तिने कोणाला खरं सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही.

पुढच्या वर्षी तिला नाशिकच्या त्या केंद्रातच नोकरी लागली. जाण्याआधी ती गिऱ्हाइकांची यादी घेऊन माझ्याकडे आली आणि सगळं काम माझ्या हाती देऊ लागली. मी विचारलं, "मलाच का?" वाटलं, अनुभवाचं काहीतरी बोलेल.

"चार वर्षं तुम्ही माझी एकेक चूक शोधत होता, दादा," ती म्हणाली. "या कामाला असाच माणूस लागतो."

एसटी स्टँडवर तिला सोडायला अर्धा बाजार आला होता. मी गेलो ते कोण कोण आलं हे मोजायला. मोजता मोजता डोळे भरून आले, तेव्हा पेपर घ्यायला म्हणून बाजूला झालो.

आता दर अमावास्येला मी फिरतो. लोक चहा देतात आणि आधी तिची खुशाली विचारतात. गेल्या खेपेला नानांनी एक जुना फोटो मागितला, धडगावच्या एका म्हाताऱ्याचा. मी तो नाशिकहून आणून त्यांच्यापुढे ठेवला. नानांनी तो उजेडाकडे धरून बघितला आणि ते म्हणाले, "एकदम ताईगत काम करस रे डॉक्टर तू."

इतक्या वर्षांत नानांनी माझ्या कामाचं केलेलं ते पहिलं कौतुक. तेही तिचंच निघालं.