गार बोटं

थेरगावच्या दवाखान्यात थॅलेसेमियाची मुलं दर महिन्याला रक्त चढवायला येतात. आधी बोट टोचून हिमोग्लोबिन मोजतात. पिशवी लावायची की नाही, ते त्या आकड्यावर ठरतं. तिथली एक आई सुई टोचण्याआधी आपल्या लेकराची बोटं तळव्यांत धरून चोळत बसायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही.

"गार बोट दाबून रक्त काढलं की आकडा खोटा येतो, भाऊ," ती एकदा म्हणाली. "तुमी कुठं निघाले?"

लेकीला नर्सजवळ सोडून मी दरवेळी बाहेर जायचो. हा आजार तिला माझ्याही रक्तातून आला, म्हणून मला बघवत नसे. त्या दिवशी तेवढं बोललो.

"माझ्याबी रक्तातूनच आलाय की. म्हणून तर हात धरते."

मी परत आत वळलो. लेकीची बोटं इतकी गार असतात, हे मला माहीतच नव्हतं.