बिनपायऱ्यांची सभा

अमडापूरला मी कृषी सहायक म्हणून रुजू झाले, त्या वर्षी बीटी कपाशीवर गुलाबी बोंडअळी पडली होती. बीटी लावली की अळीची चिंता मिटली, असं मानून लोक निर्धास्त होते आणि ऐन वेचणीत बोंडं आतून किडकी निघत होती. गावोगाव सभा घ्या, असा वरून आदेश आला. मी पहिली सभा गावच्या शेतकी सोसायटीच्या माडीवर ठेवली. पंखे होते, खुर्च्या होत्या, पुरुषांची गर्दी झाली. मी खूश होते.

सभा संपवून खाली आले, तर जिन्यापाशी तीनचाकी सायकलवर एक बाई बसलेल्या. लहानपणीच्या पोलिओनं त्यांचे पाय गेले होते; दोन एकर कपाशी त्या स्वतः करत. सभा चालू होती तेवढा वेळ त्या खालीच थांबल्या होत्या. मी ओशाळून माहितीपत्रक पुढे केलं. त्यांनी ते घेतलं, घडी घातली आणि शांतपणे विचारलं,

"म्याडम, सभा सगळ्याईची हाय म्हनता, मंग माडीवर काऊन ठेवली?"

दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी जाऊन मी म्हटलं, पुढची सभा तुम्हीच ठरवा. मी ते थोडं भिडेपोटीच बोलले होते. त्यांनी मात्र खरंच मनावर घेतलं.

पहिल्या सभेला एकही बाई नव्हती, हे त्यांनीच माझ्या लक्षात आणून दिलं. बाया वेचणीला गेलेल्या असतात. बाजाराच्या दिवशी वेचणी बंद, तेव्हा सभा त्या दिवशी सकाळी घ्यायची. जागा समाजमंदिराची. तिथंही दोन पायऱ्या होत्या, म्हणून त्यांनी गल्लीतल्या सुतारकाम करणाऱ्या चाचांना बोलावलं. चाचांनी जुन्या दाराच्या फळ्या जोडून उतार केला. बाईंनी लगेच सायकल घातली, ती अर्ध्यावरून मागे घसरली आणि थेट चाचांच्या हत्यारांच्या पेटीवर आदळली. दोघंही हसत सुटले. चाचांनी फळ्या वाढवून उतार लांब केला. मग त्यांनी आपलीही अट घातली. त्यांना ऐकू कमी येत होतं आणि त्यांचीही चार एकर कपाशी होती. सभेत सगळं खडूनं काळ्या फळ्यावर ठळक अक्षरांत लिहायचं, नाहीतर आपण येणार नाही.

मी होकार दिला, तशा बाई म्हणाल्या, "आन ज्याईले फळाच दिसत नाही, त्याईचं कसं?"

त्यांच्या शेजारी दृष्टी गेलेले एक म्हातारे शेतकरी राहत. म्हणून मी सभेला टोपलीभर बोंडं नेली, काही चांगली, काही अळीची.

त्या दिवशी समाजमंदिर भरलं. बाया बाजाराच्या पिशव्या घेऊनच, जाता जाता सभेला येऊन बसल्या होत्या. मी बोंडं हातोहात फिरवायला दिली. त्या दृष्टी गेलेल्या आजोबांपाशी टोपली आली, तशी त्यांनी ती मांडीवरच घेतली. एकेक बोंड नखानं चाचपत त्यांनी दोन ढीग लावले. मी एका ढिगातली बोंडं फोडून पाहिली. सगळी किडकी. इतकं बारीक छिद्र मलाही भिंगाशिवाय सापडत नव्हतं. कसं ओळखलं, असं मी विचारलं.

"तुमी रंग पाह्यता," ते म्हणाले. "मी बोंड पाह्यतो."

सभेत हशा पिकला आणि मग कुणाला बोलायचा संकोच उरला नाही. बायांनीच प्रश्न विचारून मला भंडावून सोडलं. अळी वेचणीनंतर उरलेल्या पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीच्या उभ्या झाडांत, दडून राहते, म्हणून सगळ्यांनी वेचणी संपताच पऱ्हाटी उपटायची, असं ठरलं. एकानं ठेवली तर शेजाऱ्याचं नुकसान, हे सर्वांनी एकाच ठिकाणी ऐकलं होतं, त्यामुळे नंतर 'मला माहीतच नव्हतं' असं म्हणायची कुणाला सोय राहिली नाही.

त्या साली कुणाचंच पीक पुरतं वाचलं नाही. पण पऱ्हाट्या निघाल्या. बाई सायकलवरून शिवाररस्त्यानं हिंडत, कोणाच्या वावरात पऱ्हाटी अजून उभी आहे ते पाहत आणि मला फोनवर कळवत. पहिल्याच दिवशी त्यांनी कळवलेलं वावर चाचांचं होतं. मी फोन केला तर चाचांना नीट ऐकूच येईना. शेवटी बाईच त्यांच्या बांधावर गेल्या आणि उपटणी संपेपर्यंत तिथून हलल्या नाहीत.