शाळेचं छप्पर उडालं तेव्हा

दोन मास्तर आणि चाळीस पोरं वर्षभर एका पत्र्याखाली राहिली की किस्से साठतातच. आमचा तर पत्राच उडाला, मग काय विचारता!

बोरगावजवळची शाळा. लढाईचे दिवस. नोकरीचं माझं पहिलंच वर्ष.

*

चैत्रातली दुपार होती. हेडमास्तर वावटळ शिकवत होते. "जमीन तापली की हवा हलकी होऊन वर चढते. तिच्या जागेवर चारी बाजूंनी हवा धावते आन् गरगर फिरायला लागते. ढगात बी लई जोर आसंल, तर ढगातनं सोंड खाली उतरते."

भावाची भाकरी घेऊन आलेली गंगू खिडकीबाहेर उभी होती. ती ओरडली, "मास्तर, उतरली बघा!"

माळावरनं काळी सोंड येत होती! हेडमास्तरांनी सगळ्यांना मागच्या कोरड्या ओढ्यात नेऊन पालथं झोपवलं. डोक्यावरनं पत्रे खणखणत गेले.

वारा पडल्यावर त्यांनी एकेक डोकं चाचपलं. सगळी होती. हेडमास्तर तिथंच ओढ्यात बसले. म्हणाले, "काय शंका हाय का कुणाला?"

*

तिसऱ्या दिवशी रामगोंडा आप्पा डोक्यावर पत्रा घेऊन तीन मैल चालत आले. त्यांची आंब्याची दोन झाडं मुळासकट उपटली होती.

"मास्तर, तुमची साळा आमच्या मळ्यात आलती. म्हटलं, पोचवून यावी."

*

हजेरीचं रजिस्टरही उडालं होतं. मी नवं लिहायला बसलो, तर गंगूचा बाप आला. "आमची गंगी बी लिवा."

"ती कुठं शाळेत होती?" मी म्हणालो.

"त्या दिशी हजर व्हती न्हवं?"

हेडमास्तरांनी माझ्या हातातला टाक घेतला आणि पहिलं नाव गंगूचं लिहिलं.

*

सुंदराक्का निपाणीला तंबाखूच्या वखारीत कामाला जायची. घरी एकटीच. वावटळीत तिच्या घराच्या चारी भिंती बसल्या. दार तेवढं चौकटीसकट उभं राहिलं.

आम्ही दोघं भाकऱ्या घेऊन गेलो. आक्का चुलीपाशी बसलेली उघड्यावर दिसत होती. हेडमास्तरांनी पडक्या भिंतीवर पाय ठेवला, तशी ती म्हणाली,

"मास्तर, दारातनं या."

हेडमास्तरांनी पाय मागं घेतला. वळसा घालून दारापाशी गेले. चपला काढल्या. कडी वाजवली.

"कोण हाय?"

"मी हाय, आक्का. मास्तर."

आक्का उठली, पदर सावरला आणि दार उघडलं.

"या की. बसा."