पहिल्या गराचं कुंकू

सीताफळ मला आता डोळ्यासमोर नको वाटतं. आमच्या धारूरच्या डोंगरात ते न लावता उगवतं आणि पिकलं की बघता बघता काळं पडतं. म्हणून आम्ही ते कडकच तोडायचो, क्रेट भरायचो, व्यापाऱ्याच्या टेम्पोत चढवून मोकळे व्हायचो. मग त्याचंच आइस्क्रीम अंबाजोगाईत खाताना ‘लई महाग बाई’ म्हणायचं. याचा कुणालाच राग येत नव्हता, त्याचाच मला जास्त राग यायचा.

केजला एक प्रशिक्षण झालं. तिथले साहेब फळ्यावर देशांची नावं लिहून सांगत होते, की जे देश कच्चा माल जसाच्या तसा बाहेर पाठवतात त्यांची कमाई जागच्या जागी राहते. जे त्याच मालावर डोकं चालवून, दुसऱ्याला सहज जमणार नाही अशी वस्तू करून पाठवतात, ते पुढं जातात. बाया जांभया देत होत्या. मी मात्र पेटले. वर्षभर सगळ्यांच्या मागं भुणभुण लावून आमच्या बायकांच्या बचत गटाला गर काढायचं यंत्र घ्यायला लावलं, माल गोठवायची खोली उभी केली. आखाती देशांत माल पाठवणाऱ्या एका कंपनीनं गराचा नमुना मागितला. तो पास झाला की सीताफळ, मग चिंच, असं उन्हाळ्यापर्यंत हाताला काम.

हे सगळ्यात जास्त हवं होतं माझ्या धाकट्या जावेला. दिवाळी झाली की ती दिरासोबत ऊसतोडीला जाते आणि लेक माझ्याकडं ठेवते. “यंदा न्हाई जायचं, आक्का,” ती म्हणाली होती. “नमुना पास झाला की ह्यांना सांगते, मी काय येत न्हाई.”

नमुन्याच्या दिवशी हात धुवा, नखं कापा, बांगड्या काढा, टोप्या घाला, असं ओरडून ओरडून माझा घसा बसला. पाकिटांच्या डब्यात घालायचा बर्फ आणायला म्हणून तेवढी बाहेर गेले. परत आले तर पाकिटं भरून बंद झाली होती. दिसायला छान दिसत होती. पाठवून दिली.

निकाल आला. गरात खाण्यात चालत नाही असा लाल रंग सापडला होता. पांढऱ्याफेक गरात लाल रंग? मी तपासणीवाल्यांचा उद्धार केला, कंपनीच्या माणसाला फोनवर नाही नाही ते बोलले. संध्याकाळी जाऊ हळूच जवळ आली.

“आक्का, म्या मशीनची पूजा केलती.”

“कुठं?”

“जिथून फळ आत टाकतेत तिथंच. पाच बोटं वढली कुंकवाची. पहिला माल बाहेरदेशी चाललाय, तसाच कसा पाठवायचा?”

मी कपाळावर हात मारून घेतला. आम्ही ट्रॅक्टरला कुंकू लावतो, विहिरीवरच्या मोटारीला लावतो, नव्या फ्रीजलाही लावतो. पण ट्रॅक्टर कुणी खात नाही ना! “अगं, दाराला लावायचं, नारळ फोडायचा. आत कावून लावलंस?” तिच्याइतकं मनापासून त्या यंत्राला कुणीच हात जोडले नसतील, आणि त्यानंच तिचा घात केला. मला रडू येत होतं आणि तिच्या कानाखाली एक ठेवूनही द्यावीशी वाटत होती.

यंत्र घासूनपुसून दुसरा नमुना पाठवला. त्याचा निकाल यायच्या आत ऊसतोडीला माणसं नेणाऱ्या मुकादमाची गाडी आली. “पास झाला तर फोन करा,” म्हणत ती भांड्याकुंड्यांसकट गाडीत चढली.

पास झाला. मी फोन केला. पण उसात नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरतात, आगाऊ पैसेही जोडीवरच मिळतात. एकटीनं उठून येता येत नाही, मुकादम सोडत नाही. हे तिलाही माहीत होतं, मलाही.

“लई ब्येस झालं, आक्का,” ती म्हणाली. “मशीनला कुणाला कुंकू लावू देऊ नका.”

आता रोज काम चालतं. जावेची टोपी खिळ्याला अडकवलेली आहे. परवा एकीनं ती डोक्याला घातली तर मी तिच्यावर खेकसले. तिची काय चूक, तिलाही टोपी हवीच होती. पण म्हटलं, ठेव ती जागेवर, ती तिची आहे.