आबांची बोटं आणि माझी जीप

“वढायचं हाय का पळायचं? एक ठरवा.”

डाळजच्या फाट्यावरच्या पत्र्याच्या शेडपुढं गाडी उभी केली की आबा आधी हेच विचारायचे. चहापाणी, पाऊसपाणी सगळं नंतर. विचारता विचारता त्यांचा हात गाडीखाली गेलेला असायचा, मागच्या चाकांमधल्या त्या फुगीर गोळ्यावर. म्हशीच्या पाठीवर हात ठेवावा तसा. आत काय बिघडलंय याचा निम्मा अंदाज त्यांना तळहातावरूनच यायचा.

त्या गोळ्यात असतं डिफरन्शियल, इंजिनाचा जोर चाकांपर्यंत पोचवणारं, आणि आबा फक्त तेवढंच करायचे. ब्रेकचं विचारलं तर तोंड फिरवायचे. तुम्हीही असे कारागीर पाहिले असतील. त्यांच्या लेखी उरलेली सगळी गाडी दुसऱ्याची जबाबदारी असते.

माझी सणसरला रोपवाटिका आहे. पेरूची, डाळिंबाची रोपं जुन्या जीपमागं ट्रॉली लावून पोचवतो. ओल्या मातीच्या पिशव्यांचं वजन काय असतं ते उचलणाऱ्याला विचारा. नरसिंहपूरकडं नदीकाठचा चढ लागला की जीप धापा टाकायची आणि क्लच जळाल्याचा वास सुटायचा. दोन क्लच जाळल्यावर मी आबांकडं गेलो. ओढली पाहिजे, पण हायवेला जरा पळाली तरी बरं, असं म्हणालो. त्यांनी मला चहा पाजला आणि घरी जाऊन नीट ठरवून या म्हणाले.

आठवड्यानं मी ओढायचंच असं ठरवून गेलो. आबांनी आतलं क्राऊन-पिनियन, म्हणजे एकमेकांत अडकणारं मोठं आणि लहान दातेरी चाक, काढलं आणि वेगळ्या दातांची जोडी बसवली. इंजिन तेवढंच फिरणार, पण चाकं सावकाश फिरणार आणि जोर धरणार. त्यामुळं वेगाचा काटाही खोटं दाखवू लागला. म्हणून त्यांनी काचेखाली चिकटपट्टी लावून पेनानं लिहिलं, ‘साठ म्हणजे पंचेचाळीस’. बायकोनं ती पट्टी कधी वाचली नाही. काटा साठावर गेला की ती हळू चालवा म्हणून ओरडायची, आणि तेवढ्यात कॅन लावलेला दूधवाला आम्हाला मागं टाकून जायचा.

जीपनं दहा वर्षं बिनबोभाट ट्रॉली ओढली. मग दात झिजले. मी नवी जोडी घेऊन पुन्हा डाळजला गेलो.

आबांची पद्धत ठरलेली होती. शेंदूर तेलात कालवून दातांना लावायचा, फिरवून ठसा कुठं उमटतो ते बघायचं. शेवटी क्राऊन दोन बोटांत धरून हलकेच मागंपुढं करायचं. दातांत केसभर मोकळीक हवी. जास्त झाली तर गाडी खडखडते, कमी झाली तर कण्हते. ती मोकळीक मोजायचं घड्याळासारखं यंत्र मिळतं, पण आबांनी ते कधी घेतलं नव्हतं.

त्या दिवशी ते क्राऊन हलवतच राहिले. बसवलं, काढलं, मोकळीक कमी-जास्त करणारी पातळ पत्री बदलली, पुन्हा बसवलं. दुपार गेली. मी टायरवर बसून कंटाळलो होतो. सकाळपासून तीन फोन येऊन गेले होते, रोपं ट्रॉलीत सुकत होती, पाठ भरून आली होती.

आबांनी मला जीपखाली बोलावलं.

“जरा तुमी बघा. मोकळीक हाय का?”

मला वाटलं चेष्टा करतायत. त्यांनी हात पुढं केला. बोटांच्या टोकाला मोठा फोड होता. साखरेचा आजार जुना होता. सकाळी चहाचं भांडं धरलं आणि भाजल्याचं त्यांना कळलंच नव्हतं.

“बोटं निजल्यात माझी. वरीस झालं. कुणाला सांगू नका, न्हायतर गाडी कोण दील मला?”

मी क्राऊन हलवून पाहिलं. मला काहीही कळलं नाही. आणि मी म्हणालो, “बरोबर आहे, आबा.”

एवढ्या मोठ्या माणसानं माझ्या बोटांवर भरवसा ठेवला, आणि मला घरी जायची घाई होती. एरवी ते हायवेवर एक फेरी मारल्याशिवाय गाडी देत नसत. उशीर झालाय, फोन करतो, असं सांगून मी निघालो. भिगवण यायच्या आत जीप कण्हायला लागली. रात्री फोनवर त्यांना म्हणालो, गप चालतेय. म्हातारा माणूस, पुन्हा कुठं जमिनीवर लोळवायचा, असं मी स्वतःला समजावलं. चार दिवसांनी बारामतीच्या एका गॅरेजात गुपचूप काम करून घेतलं.

महिन्याभरानं आबा एसटीनं रोपवाटिकेवर आले. आपलं काम बघायला. कसेबसे जीपखाली गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. गोळ्याचं झाकण बंद करताना ते काळा गम लावायचे. तिथं लाल होता.

बाहेर येऊन त्यांनी हात पुसले.

“कुणी बसवली? चांगली बसवलीया.”

मी सगळं सांगितलं. खाली बघूनच सांगितलं.

“मला लगेच सांगायचं व्हतं राव,” आबा म्हणाले. “मी पुन्यांदा खोलली असती. मला येळ व्हता.”

चहा घेतला, पेरूच्या कलमांची चौकशी केली आणि परतीची एसटी धरली. त्यानंतर त्यांनी कुणाचंच डिफरन्शियल खोललं नाही. शेड दोन महिन्यांत दुसऱ्याला दिली. गेल्या वर्षी ते वारले, तेही मला दहाव्यानंतर कळलं.

आता मी बारामतीलाच जातो. तिथले कारागीर चांगले आहेत. काम झालं की अदबीनं म्हणतात, बघून घ्या, बरोबर आहे ना. मी खाली वाकतो, बोटांनी चाचपतो, आणि मला यातलं कळत नाही असं सांगतो.